गुरगुर गेली तो शनिवार

काकाची इकोची डबी मी तीन सेकंदांत जाळली. जाळायचीच म्हणून बसलो असतो, तर इतकी नेटकी जळली नसती.

झालं असं, की काका गिटार वाजवतो. त्याच्या गिटारची वायर थेट स्पीकरला जात नाही. वाटेत पायाशी ठेवलेल्या चार डब्यांतून जाते. या डब्यांना पेडल म्हणतात. एक आवाज खरखरीत करते, एक लहरता करते, एक भरदार करते आणि चौथी, म्हणजे इको, वाजवलेला सूर मागून पुन्हा पुन्हा म्हणून दाखवते. प्रत्येकीला नऊ व्होल्ट लागतात. काका चौघींना एकाच स्वस्त अडॅप्टरवर, फाटे फुटलेल्या एका वायरीने पोसत होता. त्यामुळे स्पीकरमधून अखंड गुरगुर यायची, माळ्यावर कुत्रं बांधल्यासारखी.

मी घरोघर इंटरनेट लावतो. राउटरचे जुने अडॅप्टर माझ्या पिशवीत ढिगाने पडलेले असतात. "काका, निदान इकोला तरी वेगळा दे," म्हणालो आणि एक खोचून दिला. पिन अशी चपखल बसली, की मला वाटलं जमलं. राउटरचा अडॅप्टर बारा व्होल्टचा असतो आणि त्याच्या पिनेच्या मध्यभागी प्लस असतो. पेडलला मध्यभागी मायनस लागतो. या दोन्ही गोष्टी मला धूर निघाल्यावर कळल्या. डिप्लोमा मात्र माझा फर्स्ट क्लासचा आहे.

काकाने वाकून वास घेतला. "तांबं नाही जळलं. डोकं जळलंय."

"डबीचं?"

"तिचंही."

जळक्या वासातलं काकाला कळतं. जळालेले पंखे, पंप, मिक्सर यांच्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं त्याचं दुकान आहे, एकोणतीस वर्षं. छिन्नीने जुनं तांबं उपटायचं, वेढे मोजायचे, तितकेच नवे भरायचे, वार्निश पाजून भट्टीत ठेवायचं. तार ओढून ओढून त्याच्या बोटांवर बारीक चरे पडलेत आणि नखांखालचं वार्निश कुठल्याच साबणाला दाद देत नाही. काकू म्हणते, "माझा हात मागायला आले, ते स्वतःचे हात लपवून बसले होते."

शनिवारी मात्र काका इस्त्रीचा शर्ट घालतो. एका खानावळीच्या कोपऱ्यात, माशांची काचपेटी आणि हात धुवायच्या जागेच्या मधे, संध्याकाळी दोन तास वाजवतो. मिळतं त्यात शर्टाची इस्त्री आणि रिक्षा सुटते. पण त्या दोन तासांवर तो बाकीचे सहा दिवस ढकलायचा. आणि त्याच आठवड्यात मॅनेजरने सांगितलं होतं, "मास्तर, गिऱ्हाईकं विचारतात फ्रीज बिघडलाय का. शनिवारपर्यंत गुरगुर घालवा, नाहीतर आपलं थांबवू."

म्हणून आम्ही वाद्यांच्या दुकानात गेलो. मी अपराधी, म्हणून रिक्षाचे पैसे माझे.

दुकानदाराने तीन सप्लाय, म्हणजे डब्यांना वीज पुरवणाऱ्या पेट्या, मांडले. पहिला उत्तम. वायरी खोचायला आठ तोंडं, प्रत्येकाचा पुरवठा आतून वेगळा. किंमत ऐकून काकाने तो उचलायलाही घेतला नाही. चारही डब्या विकल्या तरी तेवढे आले नसते. "नाकापेक्षा मोती जड," तो म्हणाला. तिसरा म्हणजे आमच्याकडे होता तोच, फक्त नवा. दुसरा मात्र परवडणारा होता. त्यावरही ठसठशीत 'आयसोलेटेड', म्हणजे आतून वेगळं, असं लिहिलेलं आणि प्रत्येक तोंडाशी एक निळा दिवा. मला तर आवडला.

काकाने खिशातून मीटर काढलं. "दादा, जरा तपासतो." त्याने शेजारशेजारच्या दोन तोंडांच्या मायनसला मीटरची टोकं लावली. मीटर वाजलं. पुढच्या दोघांना लावली. पुन्हा वाजलं.

"हे आतून सगळे एकच आहेत हो."

"पण काका, दिवे वेगवेगळे आहेत ना," दुकानदार म्हणाला.

"दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच."

बाहेर आल्यावर तो पायरीवर थांबला. चांगल्याला पैसे नाहीत आणि स्वस्तात खोट. "आता?" मी विचारलं.

"आता काय. लोकांसाठी करतो ते घरच्यासाठी करायचं."

दुकानातल्या एका मेलेल्या स्टॅबिलायझरचा गाभा त्याने काढला आणि ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला बसला. काका हाताने यंत्र फिरवणार आणि काकू वेढे मोजणार, ही त्यांची पहिल्यापासूनची रीत. काकू मोजत असताना घर पेटलं तरी तिला हाक मारायची नसते. मी विचारलं, "काकू, माझी गाडीची किल्ली पाहिलीस?"

"सातशे चाळीस, सातशे एक्के... मेल्या!"

सगळं उलगडून पुन्हा पहिल्यापासून. माझ्या नावावर त्या आठवड्यातला हा दुसरा अपघात. अकराशे वेढ्यांची आतली गुंडाळी झाली. तिच्यावर कागद, मग प्रत्येक डबीसाठी साठ वेढ्यांची स्वतंत्र गुंडाळी. एकीचा दुसरीला स्पर्श नाही. पहिली झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. काका चौथीची तार लावू लागला.

"डब्या तीनच उरल्यात," मी म्हणालो.

"इको होईल ना दुरुस्त? दाखवायला नेलीस ना तू?"

"नेलीय." नेली होती. दोघा दुरुस्तीवाल्यांनी उघडून पाहिली होती आणि दोघांनीही तशीच परत दिली होती. हे पुढचं मी बोललो नाही.

प्रत्येक गुंडाळीला नेमका नऊ व्होल्टचा डीसी करणारं छोटं सर्किट जोडलं आणि गुरुवारी पेटी तयार झाली. लोखंडी, नीट अर्थिंग दिलेली आणि धोंड्यासारखी जड. काकाने तीन डब्या जोडल्या, स्पीकर चालू केला. काही आवाज नाही.

"बंद आहे का हो?" काकूने विचारलं.

"अगं, चालू आहे!" काका असा हसला, की काकूने पदराने त्याच्या कपाळावरचं वार्निश पुसलं.

शनिवारी पेटीचं एक टोक त्याने आणि एक मी धरून आम्ही खानावळीत पोचलो. मी त्याच्या मीटरने वापरातली तिन्ही तोंडं तपासली आणि मीटर तसंच चालू पिशवीत टाकलं.

पहिलं गाणं सुरू झालं. मागे इतकी स्वच्छ शांतता, की चमचे ऐकू येत होते. मी मॅनेजरकडे बघून मान डोलावली. दुसऱ्या गाण्यात मला काहीतरी खुपायला लागलं. काकाच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं तारेवर टेकत होती, पण तार दबत नव्हती. सूर मधेच मरायचा, नुसतं खट् व्हायचं. पुन्हा खट्. मोटारींची तार ओढत ओढत त्या बोटांतली जाणीव कधीच गेली होती. इतकी वर्षं गुरगुर खालून ती भोकं बुजवत होती आणि इको मागून त्यांवर पांघरूण घालत होता. एक झाकण मी जाळलं होतं. दुसरं त्याने स्वतःच्या हाताने काढलं.

काकाने दोन तास पुरे वाजवलं. मान खाली घालून.

मॅनेजर आला. भला माणूस. "गुरगुर अगदी गेली हो, मास्तर."

"गेली ना?"

"हो, ती गेली... पुढच्या शनिवारी जरा राहू द्या. मी कळवतो."

"नका कळवू," काका म्हणाला आणि वायरी गुंडाळायला लागला. कोपरात आणि तळव्यात, एकसारखे वेढे.

परतताना वाटेत त्याने पेटी खाली टेकवली. हात बदलायचा असेल असं मला वाटलं. तो म्हणाला, "दुसऱ्या गाण्यातच ऐकलं मी. इतकी वर्षं मला वाटायचं, सप्लाय खराब आहे."

मी पेटीचं माझं टोक उचललं. 

काकू दारातच होती. "गेली का गुरगुर?"

"गेली," म्हणून तो मोरीत गेला आणि खूप वेळ हात धूत राहिला.

आता काका शनिवारीही दुकान उघडं ठेवतो. गिटार वर खुंटीला आहे. पेटी फळीवर आहे. एकाने विकत मागितली तर म्हणाला, नमुना आहे. माझ्यामुळे त्याच्या मीटरचा सेल उतरला, तेव्हापासून तो बल्ब आणि दोन वायरी घेऊन मोटारी तपासतो. मी गेलो की विचारतो, "सेल आणलास का रे? इकोचं मी काही मागत नाही, तेवढा नऊ व्होल्टचा सेल दे आणून."

"विसरलो, काका."

सेल मी दुसऱ्याच दिवशी घेतला होता. पण दिला, की तो मीटर उघडून सेल बसवणार, आणि पहिलं काय तपासणार ते मला ठाऊक आहे. फळीवरची पेटी काढून चौथ्या तोंडाला टोकं लावणार. तिथे नऊ व्होल्ट बरोबर असणार. मग माझ्याकडे बघून विचारणार, डबीची दुरुस्ती कुठवर आली?

सेल माझ्या पिशवीतच आहे, राउटरच्या अडॅप्टरांखाली.