शिकागोच्या गाडीला ओवाळलेला भाकरतुकडा

मिशिगनमधल्या आमच्या गावाचं रेल्वे स्टेशन एकेकाळी राजवाडा होतं म्हणे. लाल दगड, रंगीत काचा, बायकांसाठी वेगळी वेटिंग रूम. पुढे या राज्यात मोटारी एवढ्या निघाल्या की त्यांनी स्टेशनचा जीवच घेतला. मी २००३ साली तिथे नोकरीला गेलो तेव्हा राजवाड्यात हॉटेल थाटलेलं, तिकीटखिडकीतून बिअर मिळायची आणि प्रवाशांसाठी शेजारी बसस्टॉपएवढी शेड. शिकागोची गाडी इतकी लेट की वाट बघता बघता माणसाला दाढी यायची. मला दोनदा आली.

त्याच शेडमध्ये काका भेटले. गावातले पहिले मराठी डॉक्टर, आता रिटायर. काकू वारल्यापासून रोज दुपारी ती गाडी बघायला यायचे. त्या हिवाळ्यात बर्फावरून दोनदा घसरून पडले. दूर बेलव्ह्यूला राहणारी त्यांची मुलगी फोनवर रडायची, "बाबा, इकडे या राहायला." काका ढिम्म. शेवटी तिने मला गळ घातली, "दादा, तुम्ही समजवा ना. पुन्हा पडले तर उचलायलाही कुणी नसेल."

समजवायला गेलो तर काकाच गुरगुरले, "आणि हिला इथे एकटी टाकून जाऊ?"

भानगड अशी. काकू नवी नवरी म्हणून याच स्टेशनावर उतरल्या, भर बर्फात. घ्यायला एकटे काका; भाकरतुकडा ओवाळून टाकायला घरचं बाईमाणूस नव्हतं. काकू जन्मभर टोमणा मारायच्या, "न ओवाळता घरात घेतलंत मला. अर्धी मी अजून स्टेशनावरच उभी आहे." थट्टाच ती. पण त्या गेल्यावर काकांनी ती खरी धरली.

"मग आत्ता ओवाळा की!" मी बोलून गेलो. माझ्या तोंडाला दार आहे, कडी नाही.

दुसऱ्या दिवशी काका हजर. भाकरी कुठली मिळायला? मक्याची टॉर्टिया आणि थर्मासमध्ये पाणी. गाडी आली. कंडक्टरने खाली पायरी ठेवली. कुणीच उतरलं नाही. काकांनी त्या रिकाम्या दारासमोर टॉर्टिया ओवाळली, पाण्याचं बोट हवेतच कुणाच्या तरी डोळ्यांना लावलं आणि तुकडा लांब भिरकावला.

"सर, यू बोर्डिंग ऑर नॉट?"

"वन मिनिट," काका म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "साडी आहे रे, हळू उतरते."

मी कंडक्टरकडे बघून डोळा मारला. तो हसला नाही. दारातून बाजूला सरकला आणि वाट दिली.

परत निघताना काका माझ्या कारमध्ये मुद्दाम मागे बसले. पुढे माझ्या उजवीकडची सीट रिकामी. कार सुरू केली तशी त्या सीटच्या बेल्टची घंटी वाजायला लागली. कार खटारा होती, कबूल; पण तिची ती घंटी मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. काकांनी मागून हात घालून पट्टा ओढला, खटकन लावला. घंटी थांबली.

"लेकीला फोन लाव," ते म्हणाले. मी लावून दिला. "हं, खोली तयार कर गं. येतोय आम्ही."

हीटर पूर्ण सोडला होता, तरी माझा उजवा हात घरापर्यंत गारच राहिला.