ऐरणीवरचा रिकामा ठोका

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ज्यांच्यासोबत एकाच प्रयोगशाळेत अख्खी नोकरी काढली, त्यांनाही नाही. निवृत्तीच्या दिवशी मी मोठं भाषण केलं. गावाचं नाव घेतलं, आईबापाचं घेतलं, गहिवरलोसुद्धा — आणि नेमकं हे तेवढं गिळलं. तुमची-माझी ओळख नाही. कदाचित म्हणूनच तुमच्याजवळ जमेल.

मी पोलादाचा माणूस. म्हणजे धातुशास्त्राचा. नाव सुखदेव, गाव रिठद. आमच्या धंद्यात माणूस केवढा, हे त्याच्या शोधनिबंधांवरून ठरतं. आणि निबंध केवढा, हे त्याचा हवाला पुढे किती जणांनी दिला त्यावरून. आता ते संगणक सांगतो. सत्तरच्या दशकात पोस्टकार्डं सांगायची. परदेशातल्या कोणाला तुमचा निबंध हवा असला, की छापील कार्ड यायचं — कृपया एक प्रत पाठवा. माझ्या आयुष्यात मी बरंच काही लिहिलं, पण कार्डं आली ती एकाच निबंधाला. बुटाच्या खोक्यात मी ती जपून ठेवली. पाहुणे आले की खोकं सहज हाताशी असल्यासारखं काढायचो. सहज कसलं? वाटच बघत असायचो.

मागच्या वर्षी एक मुलगी भेटायला आली. पोलादावरच्या संशोधनाचे वारे कसे फिरले, कोणते निबंध टिकले आणि कोणते विसरले गेले, याचा ती अभ्यास करते. तिने विचारलं, सर, त्या काळातलं बाकी सगळं मागे पडलं, मग तुमचा विळ्याच्या पात्यावरचा निबंध अजून कसा वाचला जातो? उत्तर तिनेच दिलं. तापमानाचे आकडे फार नेमके आहेत म्हणून. मी मान हलवली आणि तिला चहा घ्यायचा आग्रह केला. त्या रात्रीपासून मला नीट झोप नाही.

ते आकडे मी मोजलेले नाहीत. पण थांबा — हे असं एका वाक्यात उरकता येत नाही.

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी नागपूरला पीएचडीला होतो. प्रयोगशाळेतल्या भट्टीसाठी महिना-महिना नंबर लावावा लागायचा आणि माझी बाजू घेणारं तिथे कोणी नव्हतं. खेड्यातल्या कारागिरीकडे शास्त्राने बघावं, अशी तेव्हा एक लाट आली होती. आमच्या सरांनी ती हेरली. ते म्हणाले, तुझ्या भागात लोहार असतीलच की, जा, बघ. लोहार होते. केनवडच्या बाजाराच्या कडेला गणपतकाकांचा भाता होता. काकांच्या विळ्याला मरण नाही, असं आमच्याकडे बोललं जायचं. माझी आई त्यांचाच विळा वापरायची.

विळा घडवणं सोपं. खरी मेख त्याला पाणी पाजण्यात, म्हणजे तापलेलं पातं योग्य क्षणी पाण्यात बुडवण्यात. थोडं आधी बुडवलं तर धार मऊ राहते, थोडं उशिरा बुडवलं तर पातं तडकतं. काकांची रीत अशी — ट्रकच्या तुटक्या कमानीचं पातं तापवायचं, धार पाण्यात बुडवून लगेच बाहेर काढायची, पाठीची ऊब धारेकडे सरकू द्यायची, आणि मग पुन्हा बुडवायचं, कायमचं. दोन्ही क्षण निसटते. डोळ्याने रंग ओळखायचा, दुसरा उपाय नाही.

मी बरोबर थर्मोकपल आणलं होतं — आगीत ठेवायची तार आणि तापमान दाखवणारं मीटर. नागपूरहून अकोला, अकोल्याहून वाशिम, पुढे रिसोड. वाशिमला कंडक्टरने पेटी टपावर टाकायला लावली आणि मी मुकाट्याने टाकली. केनवडला उघडून बघतो तर मीटरचा काटा एका जागी अडकलेला. विभागात ते एकच मीटर होतं. मोडलं म्हणून सांगायची माझी छाती नव्हती. म्हटलं, निदान बसून बघू तरी.

चार दिवस बघत बसलो. काका सांडशीत पातं धरायचे, त्यांची बायको सुभद्राकाकी भाता ओढायची, मध्येच उठून घण मारायची. लोहार काम करताना अधूनमधून ऐरणीवर रिकामा ठोका देतात, तुम्ही ऐकला असेल. हाताला ताल राहतो त्याने. काकीही द्यायची. पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की काका पातं पाण्यात घालतात ते त्या ठोक्यावर. काढतात तेही ठोक्यावर. पात्याकडे त्यांचं तोंड असायचं, पण ते बघत नव्हते.

मी काही विचारलं नाही. काकीनेच ओळखलं. गिऱ्हाईक गेल्यावर ती जवळ येऊन बसली.

"सुकदेव, तुह्या ध्यानात आलं, मले मालूम हाय," काकांकडे बोट करून ती म्हणाली. "यायले आता रंग दिसत नाई. उजेड तेवढा दिसते. तीन वर्सं झाले, मीच पाहून राह्यली. पन गावात बोलू नको. बाईनं पाणी पाजलेला इळा कोनी घेनार नाई."

काका खाली मान घालून म्हणाले, "इज्जतीचा सवाल हाय बाबू."

मी शब्द दिला. मनापासून दिला, हे खरं आहे. त्या घरात मला त्यांच्याच कपात चहा मिळत होता, माझ्यासाठी कप वेगळा ठेवलेला नव्हता. माझ्या बापाने दीक्षा घेतली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. गावातल्या कोणत्या घरात कप वेगळा असतो, हे मला पाठ होतं. तेव्हा त्या चहाचं मोल मला कोणी शिकवायला नको होतं.

मग मी काम केलं ते काकीच्या डोळ्यावर. प्रत्येक पात्याला ती रंग सांगायची आणि मी वहीत लिहायचो. पयसाचं, म्हणजे पळसाचं फूल. पिकलं बोर. कुंकू. दुसऱ्या बुडवणीला वांग्याची साल. एकदा शेजारचं पोट्टं रडलं म्हणून तिची नजर हलली, तर म्हणाली, "हे बाजूले ठेव, हे बिगडलं." बाजूला ठेवलं. नागपूरला कापून बघितलं, ते एकच बिघडलेलं निघालं. बाकी सगळ्या पात्यांचा कठीणपणा इतका सारखा, की सरांनी यंत्र तपासायला लावलं. आमच्या भट्टीतली पाती एवढी सारखी कधी आली नव्हती.

मी निबंध लिहिला. पहिल्या खर्ड्यात 'रंगावरून' असं लिहिलं होतं. कोणाच्या डोळ्याने, ते नव्हतं लिहिलं. परदेशातल्या मासिकाने उलट टपाली विचारलं — तापमान कशाने मोजलं? एका ओळीचा प्रश्न. त्यावर माझी पीएचडी अडकली, त्यामागची नोकरी अडकली. मी टाइपरायटरसमोर बसलो आणि लिहिलं, 'तापमान थर्मोकपलने मोजले.' पात्यांच्या आतली घडण बघून अंदाजाने आकडे बसवले आणि तक्ता केला. कुंकवाच्या जागी एक आकडा, बोराच्या जागी एक. शेवटी आभार मानले — सरांचे, टंकलेखकाचे, नमुने घासून देणाऱ्या शिपायाचे. आणि 'स्थानिक ग्रामस्थांचे'.

तुम्ही म्हणाल, शब्द दिला होता ना? मीही स्वतःला हेच म्हणत आलो. किती वर्षं म्हणत आलो. पण केनवडमध्ये ते इंग्रजी मासिक कोण वाचणार होतं? तिथे तिचं नाव छापून गावातला एक विळाही परत आला नसता. शब्दाची मला काळजी नव्हती. शब्द मला सोयीचा होता.

तरीही, एवढंच असतं तर कदाचित मी निभावून नेलं असतं. आमच्या धंद्यात आकडे बनवणारा मी काही पहिला नाही. खरं सांगायचं ते पुढेच आहे.

निबंध छापून आला, कार्डं सुरू झाली. मी अधूनमधून केनवडला जायचो. काकांची नजर आणखी गेली होती. उजेडही आता धूसर. पाण्याच्या टिपाडाचा नेम चुकून सांडशी बाहेर पडायला लागली होती. लोक बघत होते. काकी मला एकदा म्हणाली, "तिकडं तुह्या नागपुरात, नाईतर आनखी कुठं, अशा कामाचं काई भेटते काय? मी कुठंबी येतो. यायले घेऊन येतो. इथं आता जास्त दिवस लपनार नाई." मी म्हणालो, बघतो.

आणि खरंच संधी आली. दूरच्या एका संस्थेत शेतीच्या अवजारांचा नवा विभाग निघत होता. तिथले प्रमुख माझा निबंध वाचून स्वतः आले, म्हणाले, मला तो भाता दाखवा. सरांनी जीप दिली. ते गृहस्थ दोन तास उकिडवे बसून बघत राहिले, कपड्यांची पर्वा न करता. हुशार माणूस. काकांच्या डोळ्यातलं पांढरं फूल त्यांनी लगेच पाहिलं. मग हिंदीत मला विचारलं, वेळ ठरवतं कोण? मी म्हणालो, काका. आणि या बाई? मी म्हणालो, त्या फक्त भाता ओढतात.

काकीला हिंदी चांगली समजायची. आमच्याकडे कोणाला समजत नाही? तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भाता ओढत राहिली. भोवती दहा-बारा गावकरी उभे होते. तिथे दुसरं काही बोलणं मला शक्य नव्हतं, हे मी आजही म्हणेन.

पण परतताना जीपमध्ये गावकरी नव्हते. मी, ते आणि ड्रायव्हर. रिसोड मागे टाकल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं. म्हणाले, त्या म्हाताऱ्याला दिसत नाही, मला फसवू नका. खरी नजर कोणाची? मला ती नजर हवी आहे. पुरुष असो, बाई असो, शाळा शिकलेली असो-नसो. नोकरी देईन, राहायला खोली देईन, नवऱ्यालाही सोबत आणा.

सगळं तिने मागितलं होतं तसंच. एक नाव घ्यायचं होतं.

आणि मी काय विचार केला, सांगू? ती तिथे गेली की पहिल्याच दिवशी तिला माझा तक्ता दाखवतील. विचारतील, थर्मोकपल कुठे लावलं होतं? आणि ती सरळ सांगेल, कसलं थर्मोकपल, काटा तर अडकला होता. ती खोटं बोलणारी नव्हती. मी गडबडलो नव्हतो, मला कोणी कोंडीत धरलं नव्हतं. बाहेर कापसाच्या पऱ्हाट्या मागे जात होत्या, मी त्यांच्याकडे बघत शांतपणे विचार केला आणि म्हणालो, नजर कोणाचीच नाही साहेब. वेळ माझ्या यंत्राने ठरवली. म्हातारा मी सांगेन तेव्हा बुडवत होता, इतकंच.

ते म्हणाले, हां, मग ठीक. वाशिमपर्यंत आम्ही हवापाण्याचं बोललो.

वर्षभरात गावाला कळलंच. काकांनी एका गिऱ्हाइकाच्या पायावर तापलेलं पातं टाकलं. भाता बंद पडला. काकीने एकटीने चालवायचा प्रयत्न केला, पण तिने सांगितलं होतं तेच झालं, कोणी विळा घेतला नाही. बाजारात कारखान्याचे विळे आले होते, लोकांची अडचणही झाली नाही. ती रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडायला जायला लागली. एकदा एसटीतून जाताना मी तिला पाहिलं. हातोडी धरायची ढब लांबून ओळखू आली. गाडी थांबवता आली असती. त्याच महिन्यात मला प्रयोगशाळेत कायम केलं होतं, ते त्या निबंधावरच.

काका वारले तेव्हा मात्र गेलो. दहावा झाला होता. अंगणात चार बायका बसल्या होत्या. काकीने मला खाटेवर बसवलं, चहा दिला, आणि त्या बायकांकडे वळून म्हणाली, "हा सुकदेव. याले समदं मालूम होतं. मोठ्या साहेबासमोर यानं मले भातेवाली म्हनलं, पन यायची इज्जत जाऊ देल्ली नाई. देल्ला शब्द पायला यानं." मग माझ्याकडे बघून हळू म्हणाली, "मी इसरली नाई बरं, बाबू."

बायकांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. जीपमध्ये काय झालं हे सांगणारं तिथे माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, त्यात काय काकी, ते तर माझं कामच होतं.