साधी चामखीळ

"वहिनी, शालन गेली," दीर फोनवर एवढंच म्हणाले. हातातली भाकरी तव्यावर पडायची ती ओट्यावर पडली. रडू नंतर आलं, आधी आला तो संताप. महिना झाला, अजून उतरलेला नाही.

शालन माझी धाकटी जाऊ. आवाज असा, की सणसरच्या मळ्यातून हाक मारली तर शेळगावच्या म्हशी वळून बघायच्या. पाण्याच्या पाळीवरून एकदा तिनं पाटकऱ्याला असं झाडलं, की तो पळाला आणि पाणी आपणहून आमच्या उसात शिरलं. आणि अशी ही बाई एक दिवस माझ्या कानाला लागून कुजबुजली, "आक्का, तितं चामखीळ आलीया."

तितं! आम्हा बायकांचं अर्धं शरीर या एका शब्दात लपून असतं. योनीच्या ओठावर, असं मी आज लिहिते. तेव्हा माझीही जीभ रेटली नाही. उलट शहाणपण सुचलं. घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधला की चामखीळ गळते, हे आमच्याकडं कुणीही सांगेल. एका वरातीत नवरदेवाच्या घोडीचे तीन केस मीच उपटले. घोडी अशी उधळली, की नवरदेव थेट पुढच्या गावी, बावड्याला जाऊन उतरला. शालन पोट धरून हसली. "आक्का, माझ्या चामखिळीपायी त्याची नवरी ऱ्हायली की वं!"

केस बांधला. गाठ हलली नाही. मग बारामतीतल्या एका डॉक्टरांनी उभ्याउभ्याच नजर टाकली. "साधी चामखीळ आहे." कापली आणि तुकडा बादलीत टाकला. "तपासायला न्हाय का पाठवायचा?" मी विचारलं. "चामखीळ कोण तपासतं, बाई?" ते हसले. शालन हसली. मीही हसले... त्या हसण्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

उन्हाळ्यात गाठ तिथंच परत उगवली. शालननं दिवाळीपर्यंत दात आवळून सोसलं. मग एका डॉक्टरीणबाईंनी नीट बसवून तपासलं, तुकडा बाटलीत घालून प्रयोगशाळेत पाठवला. कॅन्सर, तोही दुर्मीळ. "हा दिसायला अगदी साधा असतो. नजरेला फसवतो, तुकडा तपासल्यावरच कळतो," त्या म्हणाल्या. "पहिल्या तुकड्याचा रिपोर्ट कुठाय?" "तुकडा बादलीत गेला," मी म्हणाले. तोवर जांघेतल्या गाठीही सुजल्या होत्या, कॅन्सर पसरला होता.

घोडीचे उरलेले दोन केस अजून माझ्याकडं काडेपेटीत आहेत. परवा शेजारची सून दारात घुटमळली. "काकू, त्यो केस हाय का वं उरलेला?"

"कुठं आलीया?"

"तितं..."

"तितं म्हंजी कुठं? नाव घे!" मी अशी ओरडले, की शालन असती तर खूश झाली असती. पोरगी रडत रडत बोलली. तिला घेऊन मी बारामतीची एसटी धरली. दवाखान्यात त्याच डॉक्टरांनी कात्री उचलली, तशी मी कोपऱ्यातली बादली उचलली आणि छातीशी धरून उभी राहिले.

"बाई, बादली खाली ठेवा."

"तुकडा बाटलीत जाऊ द्या," मी म्हणाले, "मग ठेवते."