चार सेकंद हिरवी तारीख

देवळी गावात वेबसाइट करून देणारी मी एकटीच नाही, पण भांडून करून देणारी बहुतेक एकटीच असेन. गिऱ्हाईक काहीतरी अचाट मागतं, मी सांगते की हे वाईट दिसेल, ते म्हणतं दिसू दे, आणि मग मी कपाळावर हात मारून करून देते. गावाबाहेरच्या मंगल कार्यालयाचे मालक, काकाजी, यांचंही असंच झालं.

त्यांना हवं होतं साधंच. हॉलचे फोटो, फोन नंबर आणि लग्नसराईच्या तारखा. मोकळी तारीख हिरवी, ठरलेली लाल. मी करून दाखवलं तर काकाजींनी तोंड वाकडं केलं.

"हे असं फटकन काऊन बदलते? नवरी मांडवात कशी येते? सावकाश येते ना? तसं पायजे मले."

तर त्याची सोय असते. ट्रान्झिशन म्हणतात तिला. पानावरच्या एखाद्या गोष्टीचा रंग, आकार, जे काही बदलायचं ते झटक्यात बदलावं की हळूहळू, आणि किती वेळात, हे एका ओळीत लिहून द्यायचं. बाकीचं ब्राउझर बघतो. मी अर्धा सेकंद लिहिला.

"बाप्पा! अर्ध्या सेकंदात तं शिंकही येत नाई," काकाजी म्हणाले. "चार कर. अन् सगळ्यालेच कर."

सगळ्यालाच म्हणजे खरोखर सगळ्याला. बटणावर बोट ठेवलं की ते गालफुगीसारखं सुजत जायचं. फोन नंबर आधी धुरकट, मग फिकट, मग एकदाचा काळा. तोवर माणूस दुसरं कार्यालय बघून यायचा. मी एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली. पान उघडलं की सगळ्या तारखा आधी हिरव्या येतात आणि ठरलेल्या त्यानंतर लाल होतात. अर्ध्या सेकंदात ते कळतही नाही, पण चार सेकंद दिले तर तेवढा वेळ प्रत्येक तारीख मोकळीच दिसेल.

"दिसू दे ना! लाल रंग पाहाची हौस कोणाले हाय? पह्यले समदं हिरवं दिसलं की गिऱ्हाइकाले बरं वाटते."

मी कपाळावर हात मारून करून दिलं. पुढचे कित्येक दिवस ते येईल-जाईल त्याला मोबाइल दाखवत होते आणि लोकही तारखा लाल होईपर्यंत माना डोलवत बघत होते.

पुढे माझंच लग्न ठरलं. मुलगा हिंगणघाटचा. बाबांनी हेच कार्यालय धरलं, कारण घरापासून जवळ आणि माझी ओळख. रविवार सकाळची वेळ ठरली. नागपूरच्या मामांना रजा मिळाली, लग्न लावायला विहारातल्या भन्तेजींना सांगून झालं, पत्रिका वाटून झाल्या. माझ्या लग्नाची तारीख मी माझ्याच हातानं लाल केली. त्या दिवशी मी फार खुशीत होते.

लग्न तोंडावर आलं आणि काकाजींचा बाबांना फोन आला. त्याच रविवारी हॉल समुद्रपूरच्या एका मोठ्या पुढाऱ्याला दिला गेला होता, त्याच्या मुलीच्या लग्नासाठी. मी बाबांना स्कूटीवर बसवलं आणि थेट कार्यालय गाठलं.

"लाल तारीख दिलीच कशी तुम्ही?"

"हिरवी होती वं पोरी! या डोयानं पाह्यली."

"उघडा. तेव्हा पाह्यली तशीच पाहा."

त्यांनी एक फोन कानाला लावल्यासारखा केला, दुसऱ्यावर पान उघडलं, ओझरती नजर टाकली, "खाली हाय, खाली हाय" म्हणाले आणि फोन टेबलावर ठेवून दिला. "हे पाह्य. हिरवी."

"आता पाहा."

टेबलावर माझी तारीख सावकाश, नवरीच्या पावलांनी, लाल होत होती. काकाजी बघत राहिले. मला वाटलं आता माणूस ओशाळेल. कसलं काय!

"म्हणजे कम्प्युटरची चूक हाय," ते म्हणाले आणि बाबांकडे वळले. "भाऊ, तुमचं कसं हाय, तुमच्याइथं मुहूर्त राह्यत नाई. तुमाले कोणताही दिवस चालते. पुढच्या रविवारी घेऊन घ्या. त्याइचं मुहूर्ताचं हाय, त्याइले कसा हलवू मी?"

बाबा हाताची बोटं चोळत होते. ते 'बरं' म्हणण्याच्या आधी असंच करतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. माझं डोकंच फिरलं.

"मुहूर्त नाई म्हणून आमची तारीख, तारीख नाई का? आमी पंचांग पाहत नसू काकाजी, पण रजा पाहतो. रजा भेटणं मुहूर्ताहून कठीण हाय. लावा त्याइले फोन. आत्ता. अन् स्पीकरवर ठेवा."

त्यांनी फोन टेबलावर लांब सरकवला. पण मी समोरून हलेना, तेव्हा लावला. अडखळत, माफ्या मागत, त्यांनी सांगितलं की त्या दिवशी आणखी एक लग्न आहे, सकाळचं.

"मंग?" पलीकडून आवाज आला. "आमचं गोरज हाय, संध्याकाळचं. सकाळी होऊ द्या ना त्याइचं. आमी चार वाजता येतो. यासाठी फोन केला का तुमी?"

झालं. एवढंच होतं. काकाजी हसले, चहा मागवतो म्हणाले. मी चहा घेतला नाही. तिथंच बसून तारखांवरची ती चार सेकंदांची ओळ काढून टाकली आणि उठले.

परतताना बाबा मागे बसले होते. थोडं पुढे आल्यावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. मला वाटलं काही राहिलं. ते उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले.

"मी बरं म्हणणार होतो."

"माहीत हाय बाबा."

"त्यानं त्याइले पह्यले विचारलंच नाई न वं. एक फोनाचं काम होतं. आपल्यालेच सरकवाले निघाला. अन् मलेही त्याच्यात काई वावगं वाटलं नाई. मी मनातल्या मनात मामाले पुढच्या रविवारचं सांगूनही मोकळा झालतो."

मी त्यांचा हात धरला. मग ते मागे न बसता पुढे आले, म्हणाले, "सरक, मी चालवतो."