दुसऱ्या डिस्कवरचे आबा

धुळ्यात ज्या संगणक वर्गात मी नोकरीला होतो, तिथल्या सर्व्हरमध्ये दोन डिस्क होत्या. एकीवर जे उतरे ते त्याच क्षणी दुसरीवरही उतरे. एक गेली तरी दुसरी असे. त्या भरवशावर मी वनजमीन कसणाऱ्यांच्या जबान्या सरळ संगणकावर टाइप करून घ्यायचो. चळवळीच्या पत्रकांवर पोसलेला मी. साहेबाच्या टेबलावरून कागद गहाळ होतात, हे मी सगळ्यांना ठासून सांगायचो.

जमिनीच्या दाव्यांच्या सुनावणीच्या आदल्या दुपारी पिंपळनेरकडच्या एक अक्का त्यांच्या वडिलांची, आबांची, जबानी न्यायला आल्या. आबांनी ती दसऱ्यानंतर दिली होती आणि आठवड्यातच ते गेले होते. नेमका सर्व्हर बंद पडलेला. चालू केला, तर दोन्ही डिस्क जुळत नाहीत, कोणती खरी धरू, असं विचारू लागला.

वर्गाचे मालक नाना म्हणाले, "पहिलीवरचं दुसरीवर उतरव आणि मोकळा हो."

"आधी आत काय आहे ते बघू."

"इथे सभा भरवू नकोस."

मी ऐकलं नाही. पहिली डिस्क एकटी जोडली. झटकन उघडली, पण यादी दसऱ्याआधीच संपली होती. आबा नव्हतेच. खंडेनवमीला नानांनी सर्व्हरची पेटी उघडून डिस्कना हळदकुंकू वाहिलं, तेव्हा हिची केबल सैल झाली असणार. तेव्हापासून सगळं दुसरीवरच चाललं होतं. रोज सकाळी पडद्यावर तशी सूचना यायची. रोज बटण दाबून ती घालवणारा मीच.

दुसरी डिस्क आतून टकटक करत होती. ती मरायला टेकली होती. कशीबशी उघडली. दसऱ्यानंतरच्या सहा जबान्या, आबांची पाचवी. मी फ्लॉपी घातली. सगळे सारखे, म्हणून क्रमाने घ्यायला निघालो.

अक्कांनी माझं मनगट धरलं. "जो जित्ता शे तो परत सांगी. मना बाप कसा सांगी?"

क्रम सोडून मी आधी आबांची फाइल घेतली. ती उतरली. पुढचं नाव निवडलं आणि टकटक थांबली. डिस्क पुन्हा फिरलीच नाही. नानांनी प्रिंटरला कागद लावला.

दुसऱ्या दिवशी आबांचं म्हणणं दाखल झालं. उरलेल्या पाच जणांसाठी आम्ही मुदत मागितली आणि मी वही-पेन घेऊन त्यांच्या गावांना गेलो. चूक माझी, हे दारातच सांगत होतो. एका म्हाताऱ्यांनी माझ्या उघड्या वहीवर हात ठेवला.

"मांगे सांगं ते खोटं व्हतं का, भाऊ?"