कुंदाताईंनी मोडलेला नियम

कुंदाताई बोलता बोलता हात हातात घेत, तेव्हा समोरच्याला वाटे, बाई मायाळू आहे. थोड्या वेळाने ध्यानात येई की त्यांची बोटं आपल्या मनगटावर अगदी नेमक्या जागी टेकलेली आहेत आणि नजर स्वेटरला उलट्या टाचलेल्या छोट्या घड्याळावर आहे. बोलणं चालूच असायचं. मी वेल्समध्ये, कार्डिफमधल्या त्या गल्लीत भाड्याने राहायला आले, त्या दिवशी व्हॅनमधून खोकी उतरवत असताना त्या शेजारच्या दारातून आल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, ''मराठी वाटून राहिली तू. कुठली?'' सांगली म्हटल्यावर मान हलवली. ''एकशे आठ. बस आधी. खोके कुठं पळून नाही जात.''

त्या नागपूरच्या. इंदोऱ्यातल्या. नर्सिंग करून तरुणपणी इकडे आल्या आणि इथल्या सरकारी इस्पितळात वॉर्ड सिस्टर होऊन निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. तीस-पस्तीस वर्षांत त्यांचं इंग्रजी वेल्श वळणाचं झालं होतं, मराठी मात्र होती तिथेच राहिली होती. गल्लीतले लोक त्यांना अजून 'सिस्टर' म्हणत आणि जरा दबकूनच असत. कचऱ्याचा डबा चुकीच्या दिवशी बाहेर दिसला, तर त्या बेल वाजवून सांगत. रस्त्यावर वीसची पाटी असली की त्यांची गाडी एकोणीसवर. मागच्याने हॉर्न वाजवला तर म्हणत, ''वाजवू दे. हॉर्न त्याचा आहे, पाय माझा आहे.''

घरात एक जाडजूड करडी मांजरी होती. कुठूनशी आली आणि राहिली. तिचं नाव मेट्रन, म्हणजे इस्पितळातली सगळ्यात मोठी नर्स. ''रिटायर झाल्यावर माझ्यावर ओरडायला कोणी नव्हतं नं,'' असं त्याचं कारण. मेट्रनला मधुमेह होता. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला इन्सुलिन. कुंदाताई एका वहीत वेळ लिहून पुढे सही करत, वॉर्डात करत तशी.

माझी आई फेब्रुवारीत गेली. व्हिसाच्या मुदतवाढीचा माझा अर्ज चालू होता. देश सोडला असता तर अर्ज रद्द झाला असता. भावाने स्मशानात फोन उंच धरला आणि मी सगळं त्यातून पाहिलं. मधे दोनदा नेटवर्क गेलं. नंतर मी लॅपटॉप उघडला आणि ऑफिसची दहाची मीटिंग केली. त्यात मी बोललेसुद्धा. पुढचे तीन आठवडे मी काम केलं, टोस्ट खाल्ले, झोपले. रडू आलं नाही. काहीच आलं नाही. दात काढायच्या आधी हिरडीला सुई देतात, मग तिथे बोट लावलं तरी ते दुसऱ्याच कुणाच्या तोंडात लागल्यासारखं वाटतं. तसं होतं ते.

कुंदाताई रोज डबा ठेवून जात. एके दिवशी त्या आत येऊन बसल्या.

''काहून बसून राहिली अशी?''

''काम करतेय.''

''ते दिसते मला.'' त्यांनी मनगट धरलं, पण या वेळी आकडा सांगितला नाही. ''मी गॉवरला घर बुक केलं. एक आठवडा. समुद्र पाहू.''

''मला काही बघावंसं वाटत नाही हो, कुंदाताई.''

''तर नको पाहू. तो तिथंच राहते.''

गॉवर म्हणजे स्वॉन्सीच्या पलीकडे समुद्रात घुसलेला जमिनीचा तुकडा, आमच्यापासून दीड तासावर. एका म्हाताऱ्या जोडप्याने आपल्या आवाराच्या टोकाला असलेली जुनी कॉटेज सुट्टीसाठी द्यायला काढली होती. बुकिंगच्या पानावरचे नियम कुंदाताईंनी मला मोठ्याने वाचून दाखवले होते. चौथी ओळ होती, प्राणी आणू नयेत. त्यावर त्या म्हणाल्या होत्या, ''बरोबर आहे. दुसऱ्याचं घर आहे.'' मेट्रनला इंजेक्शन द्यायला जनावरांच्या दवाखान्यातली एक मुलगी येणार होती. निघायच्या आदल्या दिवशी तिचा घोटा मोडला.

मी म्हटलं, ''राहू द्या. पुढे कधीतरी जाऊ.'' माझ्या बोलण्यात त्याग वगैरे नव्हता. मला जायचं नव्हतं आणि न जायचंही नव्हतं.

कुंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग मांजरीकडे. ''दोन पेशंट आहेत,'' त्या म्हणाल्या. ''एकाला सोडून दुसऱ्याला नेता येत नाही.''

दुसऱ्या दिवशी मेट्रनची टोपली मागच्या सीटवर रजईखाली होती. किल्ली द्यायला मालकीणबाई, मिसेस प्रॉसर, दारात उभ्या होत्या. सत्तरीच्या, काटक, हातात बागकामाचे हातमोजे. ''दोघीच ना तुम्ही?'' त्यांनी विचारलं. ''हो, दोघीच,'' कुंदाताई म्हणाल्या. त्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांना सवय नव्हती, म्हणून आवाज उगाच मोठा निघाला. मग काहीतरी भर घालायची म्हणून म्हणाल्या, ''मी नर्स होते.''

दोन दिवस आम्ही तिथे राहिलो. समुद्र पाहिला. ओहोटीला तो इतका मागे जातो की उरलेली वाळू बघत बसावं लागतं. मी बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी मिसेस प्रॉसर आपल्या कोंबड्यांची अंडी घेऊन आल्या. पडदा अर्धा सरकलेला होता आणि मेट्रन खिडकीत बसून कोंबड्या पाहत होती.

कुंदाताईंनी दार उघडलं आणि काही विचारायच्या आतच म्हणाल्या, ''मी आणली. माझी आहे. या मुलीचा दोष नाही.''

मिसेस प्रॉसर ओरडल्या नाहीत. त्यांनी अंडी पायरीवर ठेवली. ''दर शनिवारी हे घर माझा नवरा साफ करतो,'' त्या म्हणाल्या. ''त्याची फुप्फुसं गेलेली आहेत. मांजराने त्याचा श्वासच बंद होतो. गेल्या वर्षी एकांनी असंच आणलं होतं. तो अकरा दिवस इस्पितळात होता.'' मग त्यांनी विचारलं, ''तुम्ही नर्स होतात म्हणालात ना?''

कुंदाताईंचा चेहरा मी पाहिला. सांगण्यासारखं त्यावर काही नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, ''आम्ही आज निघतो. पण आधी साफ करतो.''

मेट्रनला टोपलीत घालून गाडीत ठेवलं, खिडकीला फट ठेवली आणि आम्ही लागलो. वरून खाली, आतून बाहेर, असं वॉर्ड धुतात म्हणे. पडदे उतरवले. चादरी, उशांचे अभ्रे, रजयांच्या खोळी मशीनला लावल्या. त्या ओल्या फडक्याने भिंती पुसत होत्या, मी सोफ्यावरून चिकटपट्टीचा रोलर फिरवत होते. माझे हात चालत होते, एवढंच मला कळत होतं.

मधेच पाठमोऱ्याच त्या बोलायला लागल्या. ''एक पेशंट होता माझ्याकडं. म्हातारा, कोळशाच्या खाणीतला. त्याला कुत्रा पाहायचा होता. पोरगा घेऊन आला कुत्र्याला, वॉर्डाच्या दारापर्यंत. मी म्हटलं, नाही. इन्फेक्शन होते. बाकीचे पेशंट आहेत. नियम आहे. पोरगा रडला, कुत्रा घेऊन परत गेला. म्हातारा दुसऱ्या दिवशी गेला.''

मी रोलर थांबवला.

''मी बरोबर होती,'' त्या म्हणाल्या. ''आजही तेच सांगीन. पण मला वाटलं, एक डाव तरी उलटं करून पाहू. नियमापायी कोणाचं काहून अडावं? तर हे असं. मला वाटलं, सोफ्यासाठी असंल नियम. विचारलंच नाही मी. फोन करून विचारायचं होतं नं, काहून नाही चालत म्हणून. एवढंच होतं.''

दुपारी निघताना त्यांनी मिसेस प्रॉसरना सगळं खरं सांगितलं. केस गेले तरी मांजरीच्या कातडीचा बारीक कोंडा महिना-दोन महिने घरात राहतो. एका साफसफाईने जात नाही. तेवढे दिवस मिस्टर प्रॉसरनी आत पाऊल ठेवायचं नाही. ''आणि शनिवारची सफाई मी करीन,'' कुंदाताई म्हणाल्या. ''तुम्ही सांगाल तोवर.''

मिसेस प्रॉसर म्हणाल्या, ''त्याची गरज नाही.''

''तुम्हाला नसेल,'' कुंदाताई म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी सकाळी सातचं इन्सुलिन देऊन त्या निघाल्या, तेव्हा मी गाडीत जाऊन बसले. मला कुणी बोलावलं नव्हतं. शनिवारी मला दुसरं काही नव्हतं.

असे आठ शनिवार झाले. अंगावरून मेट्रनचे केस जायला नकोत म्हणून धुतलेले कपडे हवाबंद पिशवीत घेऊन जायचे, प्रॉसरांच्या बागेतल्या शेडमध्ये बदलायचे, मग कॉटेजमध्ये शिरायचं. दहाला आधीचे पाहुणे जात, चारला पुढचे येत. पहिल्या शनिवारी मिसेस प्रॉसर दारात हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. दुसऱ्या शनिवारीही तसंच. तिसऱ्या शनिवारी शेडच्या बाहेर चहाचे दोन कप झाकून ठेवलेले होते, त्या स्वतः नव्हत्या. मिस्टर प्रॉसर आवाराच्या पलीकडच्या भिंतीपाशी खुर्ची टाकून बसत. उंच माणूस, डोक्याला कॅप, दर चार शब्दांनंतर थांबून श्वास घेणारा. ते तिथून ओरडून सांगत, कुठली खिडकी अडकते, कुठल्या नळाला जोर लावायचा नाही. कुंदाताई इकडून ओरडून त्यांना विचारत, ''श्वासाचा पंप घेतला का सकाळचा?'' असं त्यांचं बोलणं चाले, मधे तीस पावलं ठेवून.

पाचव्या की सहाव्या शनिवारी आम्ही दोघी पलंगावर चादर घालत होतो. दोन टोकं त्यांच्याकडे, दोन माझ्याकडे.

''आई कशानं गेली?'' त्यांनी विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

मी सांगितलं. न्यूमोनिया. चार दिवस. फोन. नेटवर्क. मी सलग सांगितलं, कुठे अडले नाही.

''रडली नाही तू.''

''नाही. मला काही वाटतच नाही, कुंदाताई. भाऊ म्हणतो, तू दगड झालीस.''

त्यांनी आपल्या बाजूचा कोपरा गादीखाली खोचला. इस्पितळात खोचतात तसा, तिरका. ''वाटायची वाट नको पाहू, पोट्टी. येईल तर येईल. नाही आलं, तर नाही आलं. मी किती लोकांचे डोळे मिटले या हातानं, मला दर खेपेला थोडंच वाटत होतं? पण हात धुऊन मिटले. नीट मिटले.'' मग म्हणाल्या, ''तुझी बाजू ढिली आहे. खोच.''

मी खोचली.

आठव्या शनिवारी त्या म्हणाल्या, आता पाहू. मिस्टर प्रॉसर कॅप काढून आत आले आणि सोफ्यावर बसले. मिसेस प्रॉसर त्यांचा पंप हातात घेऊन उभ्या. कुंदाताई समोरच्या खुर्चीत त्यांच्या छातीकडे बघत बसल्या. अर्धा तास गेला. त्यांचा श्वास होता तसाच राहिला, नेहमीइतका वाईट, त्याहून वाईट नाही. शेवटी तेच म्हणाले, ''खिडक्या इतक्या स्वच्छ मी कधी केल्या नव्हत्या.''

निघताना मिसेस प्रॉसर गाडीपर्यंत आल्या. अंड्यांचा खोका माझ्या मांडीवर ठेवला आणि कुंदाताईंना म्हणाल्या, ''झालं ते मी विसरणार नाही. पण तुम्ही आलात, तेही विसरणार नाही.'' कुंदाताईंनी मान हलवली. त्यांना माफी मिळाली की नाही, हे मला तेव्हा कळलं नाही. त्यांनी ती मागितलीही नव्हती. परत येताना गाडीत म्हणाल्या, ''बरोबर बोलली ती.''

मेट्रन पुढच्या वर्षी म्हातारपणाने गेली. त्यानंतरच्या हिवाळ्यात कुंदाताई पायरीवरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन ठीक झालं. डॉक्टर म्हणाले, दहा दिवसांत घरी. मी ऑफिसातून सुट्टी घेऊन दुपारी जात असे. सहा खाटांची खोली होती. शेजारच्या खाटेवर एक वेल्श आजी, सतत कण्हणारी. तीन दिवस तिला झोप नाही, असं कुंदाताईच मला सांगत. स्वतःचं विचारलं तर, ''माझं काय, चालून राहिलं.''

चौथ्या दिवशी त्या जरा पांढऱ्या दिसल्या. भेटीची वेळ चारला संपली. तरुण नर्स येऊन म्हणाली, ''थांबा थोडा वेळ, माझी हरकत नाही.'' मी बसूनच होते.

''नाही,'' कुंदाताई हळू आवाजात मला म्हणाल्या. ''बाजूच्या म्हातारीला आत्ता डोळा लागला. बोलणं होते. तू जाय.''

''मी गप्प बसते.''

''खुर्ची वाजते नं. जाय. उद्या येशील.''

मी खुर्ची न वाजवता उठले आणि गेले.

सकाळी सहाला फोन आला. पायात गुठळी झाली होती, ती फुप्फुसात गेली. पहाटे, फार वेळ लागला नाही, असं नर्स म्हणाली. ''तुम्ही नात्यातल्या का?'' तिने विचारलं. मी म्हटलं, ''शेजारीण.'' मग मी अंघोळ केली, नागपूरला त्यांच्या भाच्याला फोन केला, बसने इस्पितळात गेले. त्यांचं सामान एका कागदी पिशवीत भरून ठेवलेलं होतं. चष्मा, स्वेटर, चप्पल. मी यादी तपासली आणि खाली सही केली.

खाट रिकामी होती, नवी चादर घातलेली. शेजारच्या आजी उशीला टेकून बसल्या होत्या. केस विंचरलेले, चेहऱ्यावर जरा रंग आलेला.

''तुमच्या बाई फार कडक होत्या हं,'' त्या म्हणाल्या. त्यांना अजून कुणी सांगितलं नसावं. ''काल माझा डोळा लागत होता, तर सगळ्यांना गप्प करत होत्या. मला इतकी छान झोप लागली! सकाळपर्यंत जागच नाही. घरी गेल्या का?''

मी आजींच्या खाटेच्या कडेला बसले.

''हो,'' मी म्हटलं. ''तुम्हाला झोप लागली, ते बरं झालं.''