गोळी आणि शिंप्याची कात्री

औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत तिला सगळे पाणबुडी म्हणत. तिच्या पहिल्या गोळ्या तरंगायच्या सोडून तळाशी बसल्या, तेव्हापासूनचं हे नाव. पुढे गोळ्या तरंगू लागल्या, पण नाव काही सुटलं नाही.

कंपवाताचं औषध लहान आतड्याच्या सुरुवातीलाच शोषलं जातं. साधी गोळी जठरातून लवकर पुढे सटकते आणि दुपारपर्यंत हात पुन्हा थरथरू लागतात. तिची गोळी जठरात गेली की आत वायू तयार व्हायचा, वरचं पातळ आवरण तो धरून ठेवायचं, आणि गोळी तरंगत राहून औषध हळूहळू सोडायची. तिचे वडील शिंपी. त्यांना हाच आजार. दुपारनंतर त्यांचं मशीन बंद असे.

माणसांवरच्या चाचणीचा अर्ज तयार होत असताना ती सुट्टीला घरी गेली. आई ओट्यापाशी उभी राहून वडिलांची नेहमीची गोळी दुकानातल्या कात्रीने कापत होती.

"आई, हे काय गं?"

"अख्खी उतरते कुठे त्यांच्या घशाखाली? नुसते खोकत बसतात."

"माझी गोळी कापायची नसते."

"बरं बाई. तू इथे नसलीस की कापीन."

"दोन्ही तुकडे सारखे काप," वडील बाहेरून म्हणाले. "काल एका तुकड्याची बाही लांब झाली होती."

परतल्यावर तिने आपलीच गोळी कापून चाचणीच्या भांड्यात टाकली. दोन्ही तुकडे बुडाले आणि दिवसभर पुरायचं औषध बघता बघता पाण्यात उतरलं. एवढं औषध एकदम अंगात गेलं, तर म्हातारा माणूस चक्कर येऊन पडेल.

"पाकिटावर छापू, तोडू नका म्हणून," साहेब म्हणाले.

"घशात अडकली की कोण पाकीट बघतंय, सर?"

"सगळं जमत आलंय आणि तूच खोडा घालतेस?"

तिने अर्ज थांबवला. साहेब बरेच दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलले. ती आता चमच्यात ओतून घेता येतील अशा, मोहरीएवढ्या तरंगत्या गोळ्यांच्या मागे लागली. म्हणजे पुन्हा श्रीगणेशा.

वडिलांना तिने फोनवर सगळं सांगितलं.

"किती वेळ लागेल?"

"वर्षं जातील, बाबा."

पलीकडचा मशीनचा आवाज थांबला.

"मग दुपारसाठी कारागीर ठेवतो," ते म्हणाले. "सकाळी मी आहेच."